शेवटच्या रांगेतल्या अक्षता

आमच्या गेममधल्या नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टिकत नव्हत्या. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की मांडवभर तांदूळ उडायचा. तो नवरीच्या डोक्यात शिरायचा, शालूतून, पाटातून आणि थेट जमिनीतून खाली निघून जायचा. पुढच्या क्षणी मांडव स्वच्छ. असं आठही मंगलाष्टकांना व्हायचं, आणि शेवटच्या मंगलाष्टकाच्या सुमारास फोन इतका तापायचा की चित्र जागच्या जागी गोठून जायचं. लग्न काही लागायचं नाही.

हे लग्न लावायलाच मला कामावर घेतलं होतं. त्या काळात कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत एका तरी फ्लॅटच्या दारावर सॉफ्टवेअर कंपनीची पाटी असे. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. एका बेडरूममध्ये आम्ही बसायचो, दुसरीत मालक. हे गृहस्थ वर्षानुवर्षं परदेशी बँकांची सॉफ्टवेअर लिहून कंटाळले होते आणि आता त्यांना मराठी लग्नाचा गेम काढायचा होता. मांडव सजवा, रुखवत मांडा, जेवणाचा बेत ठरवा, आणि शेवटी मनासारखी जागा पकडून अक्षता टाका. स्वस्तातले स्मार्टफोन घरोघरी पोचायला लागले होते. गेम चालेल असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्याआधी एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते. प्रोग्रॅमिंग घरी बसून शिकले. मुलाखतीत मालकांनी विचारलं, “टक्कर या विषयाचा अनुभव?”

“शिकवते,” मी म्हणाले. “शिवाय क्लाससाठी रोज बिबवेवाडीहून कोथरूडला स्कूटरवर येते.”

त्यांनी हसू दाबलं आणि मला घेतलं. पण चहाचा कप पुढे करता करता तितक्याच सहजपणे हेही सांगितलं, की बंगळूरची एक कंपनी गेम बाजारात आणायला तयार आहे, त्यांची माणसं लवकरच बघायला येतील, आणि सगळ्यात साध्या फोनवर चालला तरच गेम घेतील. अक्षतांचा प्रसंग तोवर चालला नाही तर तो गाळायचा. “आणि प्रसंग गाळला, तर मॅडम, तुम्हाला ठेवून मी काय करू?” असं ते म्हणाले. पुण्यात माणसं असं तोंडावर सांगतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पाठीमागे बोलणाऱ्यांपेक्षा हे बरं.

खरी अडचण घरी होती. बाबा तरुणपणी विदर्भातून पुण्यात आले ते सरकारी कारखान्यात नोकरीला, आणि निवृत्त झाले तेही तिथूनच. नोकरी म्हणजे काय याबद्दल त्यांच्या मनात कधी गोंधळ झाला नाही. बाहेर ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात, घरात पाऊल टाकलं की गावाकडचं.

“लेकराईचे खेळ करतं तू. याले का नोकरी म्हनतेत?”

आमच्या गावाकडच्या एका गृहस्थांच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा निघत होती. कायमची. बाबांनी त्यांच्या कानावर माझं नाव घालून ठेवलं होतं आणि माझ्याशी करार केला होता: हे तुझं लग्नाचं काम तडीला गेलं तर मी एक शब्द बोलणार नाही, नाही गेलं तर शाळेत जायचं. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला गेममधली अक्षता डोक्यातून आरपार जाते हे ठाऊक नव्हतं.

शाळेचा मला तिटकारा नव्हता. पण आयुष्यात पहिल्यांदा असं काम हाती आलं होतं की सकाळी उठल्यावर आधी तेच आठवायचं. ते मला सोडायचं नव्हतं. कुणासाठीही नाही.

आमच्यात एक चित्रकार होता. गेममधली माणसं, दागिने, तांदूळ सगळं त्याच्या हातचं. अस्सल सदाशिवपेठी, त्यामुळे त्याने अक्षतांसाठी आंबेमोहोराचा दाणा काढला होता. अगदी मापात, बारीक, टोकाला किंचित निमुळता.

“दाणा थोडा मोठा करू या का?” मी आल्या आल्या विचारलं. “एवढ्या लहान वस्तूची टक्कर इंजिनाला नीट पकडता येत नाही.” गेमच्या पोटात एक इंजिन असतं. वस्तू कशी पडेल, कशावर आदळेल हे ते ठरवतं.

“म्हणजे कोलम वापरायचा?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवरीला जीन्स घालायला सांगितली आहे. “लोक हसतील.”

“फोनवर कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

दाणा आंबेमोहोरच राहिला. मग मी डोक्यांच्या बाजूने प्रयत्न केले. नवऱ्याच्या डोक्याभोवती इंजिनासाठी एक अदृश्य जाड कवच घातलं. अक्षता थांबल्या, पण डोक्याच्या वर हवेत तरंगत. वेग कमी केला, तर तांदूळ काश्मीरमधल्या बर्फासारखा सावकाश उतरायला लागला. इंजिनाला सांगितलं, दर क्षणाला जास्त वेळा तपास. त्याने तपासलं, आणि फोन पहिल्याच मंगलाष्टकाला मान टाकून मोकळा झाला.

मग मी चिडले. चिडले की माझं डोकं बरं चालतं. मुलांकडून प्रयोगशाळेत मी एकच नियम घोकून घ्यायचे, की एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे मी स्वतःच चार गोष्टी एकदम हलवत बसले होते. म्हणून मांडवातली सगळी पाहुणेमंडळी उठवली, खुर्च्या रिकाम्या केल्या, आणि त्यांच्यातले एक आजोबा तेवढे पहिल्या रांगेत बसवले. आजोबांनी अक्षता टाकल्या. नवरीच्या केसांत अडकल्या! आजोबांना एक रांग मागे सरकवलं. अडकल्या. आणखी मागे. मधल्या रांगांपर्यंत सगळं व्यवस्थित. त्यापुढे मात्र काही दाणे आरपार जायला लागले, आणि शेवटच्या रांगेत, जेवणाच्या हॉलच्या दाराशी बसवल्यावर, आजोबांचा एक दाणा नवरीवर राहिला असेल तर शपथ.

वेग कुठून येतो ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझ्याआधीच्या प्रोग्रॅमरने हिशेब उलटा मांडला होता. कुणाचीही अक्षता वाया जायला नको, प्रत्येकाची वधूवरांपर्यंत पोचलीच पाहिजे, म्हणून जो जितका लांब तो तितक्या जोरात फेकणार. भला माणूस होता. कुठल्याही खऱ्या कार्यालयात मागच्यांच्या अक्षता पुढच्यांच्या मानेवर पडतात, कॉलरमधून आत जातात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. गेममध्ये मात्र घरचं कार्य असल्यासारखी सगळ्यांची काळजी घेतली होती. त्या काळजीपोटी शेवटच्या रांगेतले आजोबा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने आंबेमोहोर झाडत होते.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, “मग मागच्यांच्या अक्षता पुढच्यांच्या डोक्यावर पडू द्या.”

“नको,” मी म्हणाले. “मागे बसणाऱ्यानेही गेम घेतलाय. त्याची पोचलीच पाहिजे.”

हे मी इतकं ठासून का म्हणाले ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मालक म्हणाले, “ठीक. पोचवा.”

त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. आमच्या संगणकातून सकाळपासून मंगलाष्टकं चालू असायची, आणि काकूंच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत.

“अहो, रोज उठून तेच लग्न लावताय,” काकू म्हणाल्या. “एकाचा तरी संसार सुरू होऊ द्या.”

मी आवाज कमी करायचं कबूल केलं. काकू गेल्या नाहीत. माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

हा प्रश्न पुण्यात मला लहानपणापासून विचारला गेलाय. आधी गाव, मग आडनाव, मग “अच्छा, अच्छा” आणि एक लहानशी शांतता. आपण कुठे उभे आहोत हे कुणाला पुरेसं वाटत नाही, कुठून आलो ते हवं असतं. मी उत्तर दिलं, शांतता ऐकली, दार लावलं, आणि रागारागाने खुर्चीत येऊन बसले. तिथे बसल्या बसल्या मला उत्तर दिसलं.

इंजिन दाण्याला फक्त एवढंच विचारत होतं, की तू आत्ता कुठे आहेस? क्लासमध्ये सर तासाच्या सुरुवातीला हजेरी घेतात आणि शेवटी घेतात. मधे कुणी भिंत ओलांडून चहा पिऊन आला तरी दोन्ही हजेऱ्या बरोबर येतात. आमचा जोरात सुटलेला दाणा एका हजेरीला डोक्याच्या अलीकडे असायचा, पुढच्या हजेरीला पलीकडे. डोक्याला तो लागलाच नव्हता, कारण कुणी मधे पाहिलंच नव्हतं. हजेऱ्या वाढवून उपयोग नव्हता, त्यात फोन मरत होता. प्रश्नच बदलायला हवा होता. मागच्या वेळी तू कुठे होतास आणि आता कुठे आहेस, या दोन जागांमध्ये एक सरळ रेघ ओढायची, आणि ती रेघ कुणाच्या डोक्याला, खांद्याला, पाटाला छेदते का एवढंच पाहायचं. छेदत असेल तर दाण्याला तिथेच थांबवायचं.

मला ज्या प्रश्नाचा आयुष्यभर वैताग आला होता, तोच मी तांदळाला विचारणार होते. फरक एवढाच, की तांदळाला मी तो अडवायला विचारत नव्हते, पोचवायला विचारत होते.

रेघेचं काम लिहून झालं. आजोबांना शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं आणि ‘सावधान’ दाबलं. दाणे सुटले, आणि नवरीच्या भांगात, मुंडावळ्यांवर, नवऱ्याच्या टोपीवर येऊन टेकले. टेकले आणि राहिले. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण चित्रकार खुर्ची पाडून उठला आणि मालक आतल्या खोलीतून धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

फोन मात्र अजूनही तापत होता, कमी, पण तापत होता. म्हणून मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. कॅमेरा खाली नेला, मांडवाच्या जमिनीच्याही खाली, जिथे खेळणारा कधी जात नाही. तिथे तांदूळ पडत होता. डोकी चुकलेला, पाटाच्या कडेने निसटलेला सगळा तांदूळ काळ्या पोकळीत पडतच होता. त्याला तळ नव्हता, आणि इंजिन बिचारं प्रत्येक दाण्यावर लक्ष ठेवून होतं. शिवाय पडता पडता हे दाणे एकमेकांना धडकतात का तेही तपासत होतं. त्या अंधारात आंबेमोहोराचा तो शुभ्र पाऊस इतका सुंदर दिसत होता की तो बंद करताना मला थोडं वाईट वाटलं. पण केला. जमीन ओलांडली की दाणा नाहीसा. दाण्याने दाण्याला धडकायचं नाही. आणि जो डोक्यावर टेकला तो दाणा राहिला नाही, केसांचाच भाग झाला, त्याच्यावर लक्ष ठेवायला नको.

फोन थंड राहिला. आठही मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. मालक हाताची घडी घालून पाहत होते. “बरं झालं,” ते म्हणाले. “आता बिचाऱ्यांना जेवायला सोडा.” त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक त्याआधी किंवा नंतर कुणी ऐकलेलं नाही.

बंगळूरची माणसं यायच्या आधी एका रविवारी बिबवेवाडीत माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे भटजी नाहीत, अंतरपाट नाही, मुंडावळ्या नाहीत. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील होतं, मंगलगाथा म्हटल्या जातात आणि लोक फुलांच्या पाकळ्या उधळतात. मी हात भरून पाकळ्या टाकल्या आणि सवयीने त्या कुठे जातात ते पाहत राहिले. पाकळी हवेत रेंगाळते, वळते, तिला घाई नसते. झेंडूची एक पाकळी बहिणीच्या खांद्यावर बसली ती शेवटची गाथा संपेपर्यंत हलली नाही.

बाबा शेवटच्या रांगेत होते. ते कायम तिथेच बसतात, आग्रह केला तरी पुढे येत नाहीत. त्यांच्या शेजारच्या नातेवाइकांनी विचारलं, “मुलगी काय करते आता?”

“पाहतो आहे तिचं,” बाबा म्हणाले. “शाळेत होऊन जाईल.”

मी तीन खुर्च्या सोडून उभी होते. मी कामाला जाते हे त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. मला इतका संताप आला, की मी जेवायला थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी चित्रकारासमोर खुर्ची ओढली. “आणखी एक लग्न काढायचंय. पांढरी साडी.”

“अंतरपाट कोणत्या रंगाचा?”

“नाही.”

“मुंडावळ्या?”

“नाही.”

“अक्षता तरी?”

“नाहीत. पाकळ्या.”

“मग लग्नात आहे काय?”

“माणसं आहेत,” मी म्हणाले. त्याने पाकळी काढायला घेतली. दिवसभरात त्याने मला इतक्या वेळा विचारलं की झेंडूची पाकळी मुळाशी किती फिकी असते, की शेवटी मी मंडईतून झेंडू आणून त्याच्या टेबलावर ठेवला. आंबेमोहोरासाठी भांडणारा माणूस झेंडूसाठीही भांडला. त्या दिवसापासून तो मला आवडतो.

मालकांनी ते लग्न शेवटपर्यंत चालवून पाहिलं. मग म्हणाले, “हे आधी सुचायला हवं होतं. आपल्या कुणालाच सुचलं नाही.” एवढं बोलून ते आत गेले.

बंगळूरहून एक मराठी बोलणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पर्समधून तडे गेलेला एक फोन काढला आणि म्हणाल्या, “आमच्या ऑफिसातला हा सगळ्यात रडका. ह्यावर चालवा.” गेम चढवला. पहिल्या मंगलाष्टकाला मी केसांत अडकलेले दाणे मोजत होते. चौथ्याला मोजणं सोडलं. आठव्याला बाईंनी फोन गालाला लावून पाहिला, तापलाय का म्हणून. तापला नव्हता. मग नवरीच्या केसांतले दाणे मोठे करून पाहिले, आणि हसल्या. “आमच्याकडे लग्नानंतर आठवडाभर केसांतून तांदूळ निघतात,” त्या म्हणाल्या. “हे कुणी केलं?”

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी काही नम्रपणे मान खाली घातली नाही. सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी दुसरं लग्न उघडलं. पाकळ्या सुटल्या, रेंगाळल्या, खांद्यांवर उतरल्या. बाईंनी ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा. जाताना म्हणाल्या, दोन्ही घेऊ, आणि जाहिरातीच्या चित्रात हे पाकळ्यांचं घालू. त्यांना निरोप द्यायला दार उघडलं तर बाहेर काकू उभ्याच होत्या.

“लागलं का एकदाचं?” त्यांनी विचारलं.

“लागलं, काकू. आत या, अक्षता टाका.” त्या आल्या आणि टाकल्याही.

त्या संध्याकाळी मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. पांढरी साडी दिसली तसे ते सावरून बसले.

“हे आपलं हाय?”

“आपलं.”

“मी कुठं बसू?”

“जिथे बसायचं तिथे बोट ठेवा.”

त्यांनी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बोट ठेवलं. गाथा सुरू झाली. त्यांनी पाकळ्या उधळल्या आणि फोन डोळ्यांजवळ नेला. सगळ्या खुर्च्यांवरून, सगळ्या डोक्यांवरून पाकळ्या सावकाश पुढे गेल्या आणि नवरीच्या खांद्यावर बसल्या.

“इथून पोचते?” ते म्हणाले.

“कुठूनही पोचते, बाबा.”

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. शाळेवाल्या गृहस्थांचा होता. जागा भरायची वेळ झाली होती, मुलीला कधी पाठवता, असं विचारत होते. पलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या फोनवर होती, जिथे पाकळी अजून खांद्यावर होती.

“नाही जी,” ते म्हणाले. “तिले नोकरी आहे.”